बोगदा येतोय, ठेवते

प्रस्तावना

कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली की डब्यातल्या फोनवरच्या बोलण्याला घाई येते. "हां, ऐक, बोगदा येतोय, ठेवते. लोणावळा आलं की करते," असं कुणीतरी म्हणतं आणि पलीकडच्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मुंबई-पुणे रोज ये-जा करणाऱ्यांना कुठल्या बोगद्यात आवाज तुटतो आणि कुठल्या वळणावर मिनिटभर रेंज मिळते हे तोंडपाठ असतं. माझ्या समोरच्या बाकावर बसणाऱ्या एक पासधारक बाई घाट सुरू व्हायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन-तीन निरोप लिहून पाठवायचं बटण दाबून ठेवत आणि फोन पर्समध्ये टाकून डोळे मिटून घेत. निरोप जायचा तेव्हा जाईल. दूरसंचाराच्या पाठ्यपुस्तकात 'साठवा आणि पुढे पाठवा' नावाचं एक प्रकरण असतं. बाईंनी ते न वाचता अंगवळणी पाडलं होतं.

बोरघाटातलं हे तुटणं समजायला सोपं आहे. गाडी तिथे रमतगमत चढते, म्हणजे वेगाला दोष देता येत नाही. मध्ये डोंगर आहे, लहरी पोचत नाहीत, विषय संपला. पण हीच गाडी सपाट मैदानात ताशी ३२० किलोमीटरनं धावू लागली तर? आजूबाजूला डोंगर नाही, दूरवर मनोरे दिसताहेत, फोनवर रेंजच्या चार काड्या उभ्या आहेत, आणि तरीही आवाज तुटतो, पैसे पाठवताना चाक फिरत राहतं, ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. अतिवेगवान गाडीत सपाट जमिनीचाही घाट होतो. तो का होतो, जगात इतरांनी त्यावर काय केलं आणि मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान मार्गाचं काम सुरू असताना आपण काय करायला हवं, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पुस्तक इंटरनेटच्या वेगाबद्दल नाही. जाहिरातीत वेगाचे आकडे असतात, कारण ते मोठे दिसतात. प्रवाशाला मात्र भरवसा हवा असतो. एसटी ताशी किती किलोमीटरनं धावू शकते यापेक्षा ती आपल्या थांब्यावर थांबते का, हे गावातल्या माणसाला महत्त्वाचं वाटतं. तसंच हे आहे. दोन तासांच्या प्रवासात सरासरी शंभर मेगाबिट मिळाले आणि त्यात वीस वेळा दहा-दहा सेकंदांचे खंड पडले, तर त्या सरासरीचं लोणचं घालायचं का? इंग्रजीत या गुणाला जो शब्द आहे त्याला आपले कोश 'विश्वसनीयता' म्हणतात. मी पुस्तकभर 'भरवसा' म्हटलं आहे. तो शब्द घरातला आहे आणि अर्थही नेमका तोच आहे.

रेल्वे आणि लहरी यांचं नातं मोबाइलपेक्षा कितीतरी जुनं आहे. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४२ साली प्रागमध्ये एक सिद्धान्त मांडला: लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जात असेल तर घटलेली. याची परीक्षा घ्यायची तर वेगानं पळणारं काहीतरी हवं, आणि त्या काळात माणसाच्या हातात असलेलं सगळ्यात वेगवान वाहन म्हणजे आगगाडी. नेदरलँड्समधल्या बाइज बॅलट यांनी १८४५ साली युट्रेक्टजवळच्या लोहमार्गावर गाडीत तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळांच्या कडेला सुरांची जाण असलेले वादक उभे केले. गाडी जवळ येताना सूर चढा ऐकू आला, पुढे निघून गेल्यावर उतरला. भूगोलात वाऱ्यांच्या नियमाबरोबर ज्यांचं नाव येतं ते बाइज बॅलट हेच. फाटकावर उभं राहून मेलची शिट्टी ऐकलेल्या कुणालाही हा प्रयोग समजतो. आज जपानच्या अतिवेगवान शिंकानसेनमध्ये बसलेल्या माणसाच्या फोनला जो त्रास होतो, त्याची पहिली जाहीर चाचणी अशी रेल्वेवरच झाली होती.

त्यानंतर धावत्या गाडीतून निरोप पाठवायची खटपट कधी थांबली नाही. अमेरिकेत ग्रॅनव्हिल वुड्स या कृष्णवर्णीय संशोधकाला १८८७ साली धावत्या गाडीतून रुळांलगतच्या तारेशी, तिला स्पर्श न करता, तारसंदेश देवघेव करण्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं. १९२६ साली बर्लिन-हॅम्बुर्ग गाडीत प्रवाशांसाठी टेलिफोन सुरू झाला. जपानी शिंकानसेन १९६४ साली धावू लागली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात सार्वजनिक टेलिफोन बसले. ते शेवटचे टेलिफोन २०२१ च्या जूनअखेर काढून टाकण्यात आले, कारण तोवर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन होता. इथेच प्रश्नाचं रूप पालटलं. गाडीत रेल्वेच्या मालकीचा एक फोन चालवणं वेगळं, आणि शेकडो प्रवाशांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे शेकडो फोन एकाच वेळी चालवणं वेगळं.

आता अडथळ्यांकडे वळू. पुस्तकात प्रत्येकाला स्वतंत्र प्रकरण आहे. इथे फक्त ओळख करून देतो.

सगळ्यात साधा अडथळा डब्याचाच. जुन्या स्लीपरच्या गजांच्या खिडकीतून वाऱ्याबरोबर रेंजही आत येत असे. एसी डब्यात माणूस महत्त्वाचा फोन आला की उठून दाराशी जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अतिवेगवान गाडीत दाराशी जाऊन उपयोग नाही. तिथलं दार हवाबंद असतं. डबा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि ऊन आत येऊ नये म्हणून युरोपातल्या अनेक गाड्यांच्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. हा थर उष्णता अडवतो तशाच मोबाइलच्या लहरीही अडवतो. अशा काचेतून आत येताना संदेशाची शक्ती वीस ते तीस डेसिबलनं घटू शकते. डेसिबलची भाषा ज्यांना परकी आहे त्यांच्यासाठी सांगतो: वीस डेसिबल म्हणजे रुपयातला एक पैसा उरला, तीस म्हणजे पैशाचाही दहावा भाग.

दुसरा अडथळा डॉपलरचा. ताशी ३२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर. या वेगाला ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींची वारंवारता हजार हर्ट्झच्या आसपास सरकते. फोन मनोऱ्याकडून आलेल्या या सरकलेल्या सुरावरच आपला सूर लावतो, म्हणून उलट दिशेनं मनोऱ्याकडे जाताना चूक दुप्पट होते. हा आकडा स्थिर राहिला असता तर एकदा दुरुस्ती करून भागलं असतं. पण गाडी मनोऱ्याच्या समोरून जाते त्या एक-दोन सेकंदांत अधिकचं उणे होतं. त्यातच रेल्वेपुलाच्या कठड्यांवरून, विजेच्या खांबांवरून, झाडांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि दर काही सेंटिमीटरवर संदेशाची ताकद खालीवर होत राहते. ३.५ गिगाहर्ट्झला ही चढउतार सुमारे चार सेंटिमीटरवर होते, आणि ते अंतर गाडी अर्ध्या मिलिसेकंदात कापते. फोन मनोऱ्याला वाट कशी आहे याचा अहवाल देतो, तो पोचेपर्यंत वाट बदललेली असते. शिळ्या बातमीवर निर्णय घेणाऱ्या कचेरीचं जे होतं तेच मग मनोऱ्याचं होतं.

तिसरा अडथळा हद्दीचा. मोबाइलचं जाळं म्हणजे शेजारीशेजारी आखलेल्या हद्दी. एका मनोऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना फोनची बदली होते, तिला हँडओव्हर म्हणतात. बदलीची पद्धत सरकारी बदलीसारखीच असते. फोन आधी शेजारच्या मनोऱ्याचा आवाज खरोखरच मोठा झाला आहे का याची काही काळ खात्री करून घेतो, मग जुन्या मनोऱ्याला कळवतो, जुना नव्याला विचारतो, नवा जागा राखून ठेवतो, मग हुकूम निघतो. पायी चालणाऱ्याला हे सगळं कळतही नाही. सेकंदाला ८९ मीटरच्या वेगात अर्धा सेकंद गेला तरी गाडी जवळजवळ दोन डबे पुढे सरकलेली असते. हुकूम निघेपर्यंत जुन्या मनोऱ्याचा आवाज इतका क्षीण होतो की हुकूमच ऐकू येत नाही, आणि फोन दोन्हीकडून तुटतो. दोन किलोमीटरची एक हद्द धरली तर या वेगात दर बावीस-तेवीस सेकंदांना हा प्रसंग येणार. तोही एकट्यावर नाही. जपानच्या तोकाइदो मार्गावरच्या सोळा डब्यांच्या शिंकानसेनमध्ये १३२३ आसनं असतात आणि चारशे मीटरची ती आख्खी गाडी एखादी हद्द साधारण पाच सेकंदांत ओलांडते. एवढ्या वेळात सगळ्यांचे बदलीचे अर्ज एकाच खिडकीवर येऊन आदळतात.

चौथा अडथळा डोळ्यांना दिसत नाही आणि अभियंतेही पुष्कळदा विसरतात. इंटरनेटवर मजकूर पाकिटापाकिटांनी जातो आणि प्रत्येक पाकिटाची पोचपावती येते. पोच आली नाही तर पाठवणारी यंत्रणा समजते की वाटेत गर्दी झाली आहे, आणि शहाण्यासारखी आपला वेग कमी करते. तारांच्या जाळ्यात हे शहाणपण योग्य होतं. गाडीत पाकीट हरवतं ते हद्द ओलांडताना, गर्दी नसताना. पुढचा मनोरा मोकळा बसलेला असतो आणि यंत्रणा मात्र गर्दी ओसरायची वाट पाहत पाय ओढत चालते. ती पुन्हा पळायला लागते तोवर पुढची हद्द येते. रेंजच्या चारही काड्या दिसत असताना चाक फिरत राहतं त्याचं एक मोठं कारण हे आहे.

हे चार अडथळे वाचून कुणी निराश होऊ नये. ५जीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ताशी ५०० किलोमीटर वेगातही सेवा मिळाली पाहिजे असं नमूद केलेलं आहे. म्हणजे कागदावर हा प्रश्न सुटलेला आहे. बदलीचा हुकूम आधीच फोनच्या खिशात घालून ठेवायचा आणि अमुक इतकी रेंज खाली आली की कुणालाही न विचारता नव्या ठिकाणी रुजू व्हायचं, ही सशर्त हँडओव्हरची पद्धत मानकांच्या सोळाव्या आवृत्तीत आली. चीनमध्ये लोहमार्गालगतच्या अनेक रेडिओ जोडण्या मिळून एकच हद्द करण्याची पद्धत रूढ आहे. दोन-दोन किलोमीटरचे सहा तुकडे जोडले की बारा किलोमीटरची एक लांबलचक हद्द होते, आणि बदली बावीस सेकंदांऐवजी सव्वादोन मिनिटांनी येते. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. दोन रेडिओंच्या मध्यावर गाडी असते तेव्हा पुढच्याची लहर चढ्या सुरात आणि मागच्याची उतरत्या सुरात, अशी दोन्ही एकदम कानी पडते. त्या गोंधळावरचे उपाय तिसऱ्या प्रकरणात आहेत.

काचेचा प्रश्न जर्मनीनं काचेतच सोडवला. तिथे डिसेंबर २०२२ पासून धावणाऱ्या आयसीई ३ निओ गाड्यांच्या खिडक्यांतून मोबाइलच्या लहरी पार होतात. काचेवरच्या धातूच्या थरात लेझरनं अतिशय बारीक रेघांची जाळी कोरली की उष्णता बाहेर राहते आणि लहरींना वाट मिळते. या उपायात वीज लागत नाही, कुठलं यंत्र बिघडत नाही आणि सगळ्या कंपन्यांच्या फोनना सारखाच फायदा होतो. दुसरा मार्ग म्हणजे गाडीच्या छतावर मोठे अँटेना बसवायचे, त्यांनी एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या मनोऱ्यांशी बोलायचं आणि डब्यात वाय-फाय द्यायचं. शेकडो फोनांऐवजी एकच गाडी हद्द ओलांडते आणि एका कंपनीचा धागा तुटला तर दुसऱ्याचा हाती असतो. याची गोची अशी की प्रवाशाचा साधा फोनकॉल, ज्यासाठी तो दाराशी धावत असे, तो वाय-फायवरून गेला तरच वाचतो.

जपानच्या अनुभवावर मी मुद्दाम जास्त पानं खर्च केली आहेत. तिथे वेग आणि बोगदे दोन्ही आहेत. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे झिरपणारी केबल. दूरचित्रवाणीची जाड केबल डोळ्यांसमोर आणा. तिचं बाहेरचं धातूचं कवच लहरींना आत कोंडून ठेवतं. त्या कवचाला ठरावीक अंतरावर तिरप्या फटी पाडल्या की लहरी थोड्या थोड्या बाहेर येत राहतात. शेतात ठिबकची नळी टाकावी तशी ही केबल रुळांच्या कडेनं टाकतात. मनोरा म्हणजे तुषार सिंचन: लांबच्याला कमी, जवळच्याला जास्त. ठिबक मात्र प्रत्येक रोपाला सारखंच. गाडी केबलपासून नेहमी तितक्याच अंतरावर असते आणि बोगदा असो वा मैदान, संदेशाची ताकद फारशी बदलत नाही. तोकाइदो मार्गावर १९८९ साली ही केबल कामाला लागली ती गाडीच्या रेडिओसाठी आणि टेलिफोनसाठी. वीस वर्षांनी, मार्च २००९ मध्ये, त्याच मार्गावरच्या एन७०० गाड्यांतली पहिली इंटरनेट सेवा त्याच केबलच्या आधारानं सुरू झाली. सिमेंटच्या भिंतीवर वेळेवर टांगलेली केबल दोन पिढ्यांच्या उपयोगी पडली, असा याचा अर्थ मी काढतो.

आता आपल्याकडे. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीनं स्थानकांवर वाय-फाय देण्याचं मोठं काम केलं. त्याची सुरुवात जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून झाली. धावत्या गाडीचा अनुभव मात्र वेगळा आहे. हावडा राजधानीत उपग्रहावरून वाय-फाय देण्याचा प्रयोग झाला. भांडवली आणि आवर्ती खर्च परवडत नाही आणि प्रवाशांना पुरेल इतकी क्षमताही मिळत नाही, म्हणून तो सोडून दिल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२१ साली संसदेत सांगितलं. आता खालच्या कक्षेतल्या उपग्रहांमुळे खर्चाचं आणि विलंबाचं गणित बदलतं आहे, तरी उपग्रहाला आकाश दिसावं लागतं. बोगद्यात आकाश नसतं.

त्याच २०२१ सालच्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाच मेगाहर्ट्झचा हिस्सा मंजूर केला. पुष्कळांचा समज असा झाला की आता गाडीत इंटरनेट येणार. तसं नाही. तो हिस्सा गाडी चालवण्यासाठी आहे: लोको पायलट, गार्ड, नियंत्रण कक्ष आणि सिग्नल यांच्यासाठी. युरोपात हेच काम जीएसएम-आर ही रेल्वेची मोबाइल यंत्रणा करते आणि आता तिच्या जागी ५जीवर आधारलेली नवी यंत्रणा येऊ घातली आहे. सुरक्षेच्या संदेशाला चित्रपट पाहणाऱ्याच्या मागे रांगेत उभं करता येत नाही. हे दोन संसार वेगळेच राहिले पाहिजेत. पण खांब, वीज, प्रकाशतंतू आणि बोगद्यातली जागा या गोष्टी दोघांना मिळून वापरता येतात, आणि माझ्या मते सगळी बचत तिथेच आहे.

कारण खरी अडचण पैशाची आहे. लोहमार्ग शेतांतून, खाजणातून जातो. तिथे मोबाइल कंपनीला गिऱ्हाईक नाही. पंधरा-वीस मिनिटं शुकशुकाट, मग सातशे गिऱ्हाइकं एकदम येतात आणि काही सेकंदांत निघून जातात. मांडव घालायचा, आचारी लावायचे, आणि वऱ्हाडानं उभ्या उभ्या दोन घास खाऊन पुढच्या गावी जायचं, असा हा व्यवहार. प्रत्येक कंपनीनं स्वतःचा वेगळा मांडव घालावा ही अपेक्षाच चुकीची आहे. एकच मांडव रेल्वेनं किंवा तिनं नेमलेल्या एखाद्या संस्थेनं घालावा आणि सगळ्यांनी भाडं द्यावं, हा शहाण्यांचा मार्ग.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. बारा स्थानकं, आराखड्याप्रमाणे ताशी ३२० किलोमीटर वेग, आणि बहुतेक मार्ग खांबांवर उचललेला. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा टप्पा भूमिगत आहे, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. पालघरच्या डोंगरांतले बोगदे निराळेच. उंचावरून धावणाऱ्या गाडीला रेंज चांगली मिळेल असं कुणालाही वाटेल. उलट आहे. आज गावोगावी उभ्या असलेल्या मनोऱ्यांचे अँटेना किंचित खाली, वस्तीकडे, झुकवलेले असतात. पुलावरच्या गाडीला त्यांचा मुख्य झोत मिळत नाही, आणि उंचीमुळे एकदम खूप मनोरे ऐकू येतात. चव्हाट्यावर दहा जण एकदम बोलू लागले की एकाचंही धड समजत नाही. म्हणून या मार्गाला स्वतःचं जाळं लागेल. ते रुळांसाठी आखलेलं असावं, आणि त्याचे मनोरे रुळाला अगदी खेटून न बसवता थोडे बाजूला, आलटून पालटून दोन्ही अंगांना असावेत, म्हणजे लहरी काचेवर फार तिरक्या पडणार नाहीत.

आणि हे सगळं बांधकाम चालू असतानाच ठरवायला हवं. पूल आणि बोगदे बांधताना केबलसाठी कोनाडा ठेवायला, भिंतीत खुंट्या मारायला, विजेची एक जोडणी वाढवायला फारसं काही लागत नाही. एकदा गाड्या धावू लागल्या की बोगद्यात शिरायला फक्त रात्रीचे तास उरतात, आणि ते रुळांच्या देखभालीलाच पुरत नाहीत. घराला प्लास्टर झाल्यावर वायरिंग आठवलं की काय होतं, हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या पुस्तकातलं एखादंच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवावं: प्रवाशाच्या फोनचं जाळं हा रूळ, पूल आणि वीज यांच्यासारखाच मार्गाचा भाग आहे, आणि त्याचा आराखडा त्यांच्याबरोबरच झाला पाहिजे.

परिभाषेबद्दल दोन शब्द. हँडओव्हर, अँटेना, केबल, रेंज हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. 'हस्तांतरण' लिहिलं की वाचकाला सातबारा आठवतो. जिथे मराठी शब्द सहज सापडला तिथे तो घेतला: हद्द, पोचपावती, झिरपणारी केबल. गणित परिशिष्टात ढकललं आहे. गुणाकार-भागाकार येणाऱ्याला मुख्य मजकूर अडू नये असा प्रयत्न केला आहे. अडथळे, त्यांवरचे उपाय, तीन देशांचे अनुभव आणि शेवटी आपला मार्ग, अशा क्रमानं प्रकरणं लावली आहेत. ज्यांना फक्त धोरणात रस आहे त्यांनी सरळ शेवटचं प्रकरण उघडलं तरी मला राग नाही.

शेवटी वाचकांकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी गाडीत फोन तुटला की खिडकीबाहेर पाहा. ओव्हरहेड वायरच्या प्रत्येक खांबावर एक पाटी असते: वर किलोमीटर, खाली खांबाचा अनुक्रमांक. तो आकडा वेळेसह टिपून ठेवा आणि तक्रारीत लिहा. "कर्जतच्या पुढे कुठेतरी" असं लिहिलेल्या तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही. खांबाच्या आकड्याची तक्रार टाळणं अवघड जातं. आजच्या गाड्यांत हे जमतं. ताशी ३२० किलोमीटरला मात्र सेकंदाला एकाहून अधिक खांब डोळ्यांसमोरून जातील आणि एकही पाटी वाचता येणार नाही. तेव्हा मोजणी रेल्वेलाच करावी लागेल. जपानमध्ये रूळ, वीज, सिग्नल आणि दळणवळण तपासणारी पिवळी गाडी वर्षानुवर्षं धावत आली आहे. आपल्या मार्गावर अशी मोजणी सुरू व्हावी, फोन कुठे तुटतो याचे किलोमीटरवार आकडे गाडीच्या वक्तशीरपणाच्या आकड्यांबरोबर दर महिन्याला छापले जावेत, आणि ही मागणी पहिलं तिकीट विकलं जाण्याआधी आपण सगळ्यांनी मिळून करावी.